मानसशास्त्रज्ञाच्या दारी जाण्यापूर्वी

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांसाठी तयार केलेले भाषण)

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याण मागे पडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. म्हणजे या तीन शहरांत मिळून त्या वेळीच नऊ लाखांहून अधिक माणसे राहत होती. इतक्या मोठ्या वस्तीत दवाखान्यांची वाण नाही. ताप आला, हात मोडला, दात दुखू लागला, तर कोणाकडे जावे हे शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु महिना महिना झोप लागेनाशी झाली, कामावरून मन उडाले, हसतेखेळते मूल एकाएकी अबोल झाले, तर कोठे जावे आणि तेथे गेल्यावर नेमके काय घडते, हे चांगल्या शिकलेल्या माणसालाही सांगता येत नाही.

ही अनभिज्ञता महागात पडते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि त्यातून दिसलेले चित्र आपल्याकडेही विचारात घेण्याजोगे आहे. प्रौढ व्यक्तींपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत शेकडा ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. उपचार न पोहोचण्यामागे तज्ज्ञांची टंचाई हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण माणसाच्या मनात असते. ते म्हणजे अनोळखी दाराची भीती. हे भय कमी करण्यास पैसा लागत नाही. खरी माहिती लागते. ती माहिती प्रथम देऊ शकणारा माणूस बहुधा शिक्षक असतो, कार्यालयातील वरिष्ठ असतो किंवा गावचा पंचायत सदस्य असतो.

तीन शहरे, निरनिराळे ताण

उल्हासनगरचा जन्मच एका मोठ्या आघातातून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. घर, जमीन, आप्त आणि गाव एकाच वेळी गमावलेल्या त्या माणसांच्या मनाची विचारपूस करणारी कोणतीही व्यवस्था त्या वेळी नव्हती. कुटुंब, दरबारातील सत्संग आणि रात्रंदिवस केलेला व्यापारउदीम यांच्या आधारावर ती पिढी उभी राहिली. त्यांचा पुरुषार्थ निःसंशय थोर होता. परंतु दुःख गिळून कामाला लागणे हाच एक उपाय, अशी समजूत पुढील पिढ्यांनीही कायम ठेवावी, असा त्याचा अर्थ होत नाही. आज तेथील लहान व्यापाऱ्याची चिंता वेगळी आहे. दुकान आणि घर, भागीदार आणि भाऊ ही नाती एकमेकांत गुंतलेली असतात. मन खचल्याची गोष्ट बाजारात फुटली तर साख जाईल, मुलीचे लग्न अडेल, या धास्तीने तो गप्प राहतो.

अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे पाळ्यांचे जीवन आले. आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी असे झोपेचे चक्र फिरत राहिले की शरीराबरोबर मनही थकते. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. तेथून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या नोकरदाराला स्वतःच्या मुलांशी बोलण्यासही सवड उरत नाही. त्यात उल्हास नदीचा पूर आहे. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकल्याची घटना या भागातील लोकांच्या स्मरणात आहे. अशा प्रसंगांतून गेलेल्या काही माणसांना पुढे अनेक वर्षे पावसाचा जोर वाढताच छातीत धडधड होऊ शकते. हा भित्रेपणा नव्हे. आघाताची ती एक परिचित खूण आहे.

‘ठाण्याला पाठवणे’ ही थट्टा

या भागात कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सहज म्हटले जाते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांप्रमाणे ते राज्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो; म्हणजे दाखल न होता तपासून घेऊन घरी परतता येते. परंतु या एका थट्टेने पिढ्यान्‌पिढ्या असा समज रुजवला की मनाचा उपचार म्हणजे कोंडून ठेवणे. वस्तुतः मानसशास्त्रज्ञाकडे जाणाऱ्या बहुतेकांना रुग्णालयात राहण्याची गरजच नसते. ते आपली नोकरी, शाळा, संसार सांभाळून ठरलेल्या वेळी येतात, बोलतात आणि घरी जातात.

कोण कोणता तज्ज्ञ

पहिला घोटाळा नावांचा होतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो. तो रोगाचे निदान करतो आणि औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राचे उच्च शिक्षण आणि रुग्णालयातील प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ होय. तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या माध्यमातून उपचार करतो; औषधे देत नाही. त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापित भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. समुपदेशक हा अभ्यास, नोकरी, कौटुंबिक कलह यांसारख्या अडचणींत मार्गदर्शन करतो. या तिघांचे काम पुष्कळदा परस्परपूरक असते. तीव्र नैराश्यात औषध आणि संभाषण असे दोन्ही उपचार लागतात. म्हणून मानसशास्त्रज्ञाने ‘एकदा मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवा’ असे सुचवले, तर दुखणे हाताबाहेर गेले असा अर्थ काढू नये.

शरीराच्या काही दुखण्यांतही मनाच्या तक्रारी दिसतात. गलग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले किंवा रक्त कमी झाले, तरी उदासपणा व थकवा येतो. यासाठी पूर्वीचे तपासणी अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या पहिल्या भेटीच्या वेळी बरोबर नेणे चांगले.

पहिली बैठक

पहिल्या भेटीत नाव, वय, पत्ता यांची नोंद होते. त्यानंतर तज्ज्ञ आपले काम कसे चालते, वेळ किती, शुल्क किती, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे सांगतो आणि संमती घेतो. खासगी ठिकाणी बैठक साधारणपणे पाऊण तास ते तासभर चालते. सरकारी बाह्यरुग्ण विभागात गर्दीमुळे वेळ कमी मिळू शकतो. अशा वेळी मुख्य तक्रारी चार ओळींत कागदावर लिहून नेल्यास त्या थोड्या वेळाचा चांगला उपयोग होतो.

पुढे प्रश्न सुरू होतात. त्रास कशाचा आहे? केव्हापासून आहे? त्या सुमारास आयुष्यात काही बदल घडला होता काय? झोप, भूक, कामातील लक्ष कसे आहे? दारू, तंबाखू वा इतर व्यसन आहे काय? घरात कोण कोण आहे? पूर्वी असा त्रास झाला होता काय? जगणे नकोसे वाटते काय, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो काय? हा शेवटचा प्रश्न ऐकून कित्येक जण दचकतात. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, अशी नातेवाइकांना भीती वाटते. ही भीती निराधार आहे. ज्याच्या मनात तो विचार आधीपासूनच असतो, त्याला कोणीतरी सरळपणे विचारले याचा बहुधा दिलासाच वाटतो.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दिलेच पाहिजे असे बंधन नसते. ‘हे आज सांगणे जमणार नाही’ असे म्हणता येते. बोलता बोलता रडू आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. काही वेळा तज्ज्ञ नुसताच थांबतो, काही बोलत नाही. ती शांतता विचार करण्यासाठी दिलेली सवड असते. बरोबर आलेल्या पतीला, सासूला किंवा आईला थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगितले जाते. त्यात त्यांचा अपमान नसतो. एका खोलीत पाचसहा माणसे राहणाऱ्या घरातील सुनेला आपले मन एकांतात उघड करण्याची ती कदाचित पहिलीच संधी असते.

काय घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटात दिसते तसे घड्याळ हलवून कोणाला झोपवले जात नाही. ‘घटस्फोट घ्या’, ‘नोकरी सोडा’, ‘मुलाला वसतिगृहात घाला’ असा निवाडा दिला जात नाही. कोण चूक व कोण बरोबर हे ठरवण्यास ते न्यायालय नव्हे. आणि एका भेटीत दुखणे नाहीसेही होत नाही. पहिली बैठक मुख्यतः ओळखीची आणि तपासाची असते. ‘इतके बोललो, पण त्यांनी काहीच दिले नाही’ असे म्हणून जो पहिल्या भेटीनंतर परत जात नाही, त्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते.

पुढील बैठकांत काय होते

दोनतीन भेटींत त्रासाचे स्वरूप स्पष्ट झाले की तज्ज्ञ आणि आलेली व्यक्ती मिळून उद्दिष्ट ठरवतात. ‘सुखी व्हायचे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘महिन्याभरात पुन्हा नियमित कामावर जायचे’ हे मोजता येते. बैठका सुरुवातीस बहुधा आठवड्यातून एकदा होतात. चिंता आणि सौम्य नैराश्य यांसाठी विचार व वर्तन बदलण्यावर भर देणारी जी पद्धत वापरली जाते, तिच्या साधारणपणे सहा ते वीस बैठका होतात. जुन्या आणि गुंतागुंतीच्या दुखण्यांना अधिक काळ लागतो.

ही पद्धत कशी चालते हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. बदलापूरहून दादरला जाणारा एक नोकरदार आहे असे समजावे. एके दिवशी गर्दीच्या लोकलमध्ये डोंबिवलीच्या पुढे त्याची छाती धडधडू लागते, श्वास अडकतो, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असे वाटते. ठाण्याला उतरून तो दवाखाना गाठतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो. तरीही दुसऱ्या आठवड्यात तसेच घडते. मग तो एक गाडी सोडतो, मग दुसरी सोडतो, मग रजा टाकतो. घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेले नाही, उगीच घाबरतोस.’

मानसशास्त्रज्ञ प्रथम त्याला हे समजावतो की शरीराची संकटाची घंटा संकट नसतानाही वाजू शकते. ती वाजली की श्वास जलद होतो, त्यामुळे मुंग्या येतात, मुंग्या आल्या की भीती आणखी वाढते आणि भीतीमुळे धडधडही वाढते. गाडीतून उतरल्यावर लगेच बरे वाटते. म्हणून मन असा धडा घेते की गाडीतच धोका आहे. टाळण्याने सुटका होत नाही. भीतीच पोसली जाते. मग दोघे मिळून एक शिडी तयार करतात. रविवारी दुपारी फलाटावर दहा मिनिटे नुसते उभे राहायचे. पुढे एक स्थानक, अंबरनाथपर्यंत जाऊन परतायचे. ते जमले की उल्हासनगर, मग कल्याण, मग कामाच्या दिवशी ठाणे आणि शेवटी गर्दीच्या वेळी दादर. प्रत्येक पायरीवर घाबरे झाले तरी भीतीची लाट ओसरेपर्यंत थांबायचे आणि काय वाटले ते वहीत लिहायचे. दोन बैठकांच्या मधला हा गृहपाठ हेच या उपचाराचे खरे अंग होय. तासभराच्या बैठकीत वाट दाखवली जाते. चालायचे मात्र उरलेल्या आठवड्यात असते.

विचारांकडे पाहण्याची अशीच एक पद्धत अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली आणि ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. प्रसंग माणसाला जेवढा अस्वस्थ करतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयी त्याने मनाशी धरलेला हट्टी समज करतो, असे तिचे सूत्र आहे. ‘मला दहावीत उत्तम गुण मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजेत, नाहीतर माझे जगणे व्यर्थ आहे’ हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली तर दुःख होते; हट्ट मोडला तर माणूस मोडतो. मानसशास्त्रज्ञ इच्छा सोडण्यास सांगत नाही. तो हट्टाची उलटतपासणी करण्यास शिकवतो.

मुलांच्या बाबतीत बोलण्याऐवजी खेळ, चित्रे आणि चाचण्या यांचा उपयोग केला जातो. अक्षरे उलटसुलट लिहिणारे, हिशेब चुकणारे परंतु बुद्धीने तल्लख असणारे मूल आळशी नसते. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे. चाचणीत आलेला आकडा हा मुलाच्या कपाळावरील शिक्का नसून त्याला कशी मदत करावी याचा नकाशा आहे, हे शिक्षकांनी पालकांना समजावून द्यावे.

सुरुवातीच्या काही बैठकांनंतर जुन्या आठवणी ढवळून निघाल्याने एखाद्यास आधीपेक्षा अधिक उदास वाटू शकते. तसे झाल्यास बैठका सोडून न देता तेच पुढच्या भेटीत सांगावे. चारपाच भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर तसे मोकळेपणाने बोलून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाता येते. यात कृतघ्नपणा नाही. मात्र जो तज्ज्ञ हमखास बरे करण्याची हमी देतो, डॉक्टरांना न विचारता चालू औषधे एकदम बंद करावयास सांगतो, अंगलट करतो किंवा वैयक्तिक संबंध जोडू पाहतो, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये आणि तक्रार करण्यास कचरू नये.

गुप्तता आणि तिच्या मर्यादा

‘तेथे बोललेले बाहेर फुटणार नाही ना?’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गुप्ततेचा अधिकार दिला आहे. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यास पाठवले किंवा खातेप्रमुखाने कर्मचाऱ्यास पाठवले, म्हणून आत काय बोलणे झाले हे विचारण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होत नाही. ‘तो भेटीस जात आहे काय’ एवढी चौकशी पुरेशी असते. त्यापलीकडील कुतूहल आवरणे हाच पाठवणाऱ्याचा पहिला संयम होय.

या गुप्ततेला मर्यादाही आहेत आणि त्या आधीच सांगितल्या जातात. कोणाच्या जिवास धोका असेल, दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. बालकांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर साऱ्या राज्याची झोप उडाली आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, असे सांगतो की अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. हे बंधन मानसशास्त्रज्ञावर आहे, शिक्षकावर आहे, मुख्याध्यापकावर आहे आणि ग्रामपंचायत सदस्यावरही आहे. न कळवणे हाच स्वतंत्र अपराध ठरतो. ‘आधी समुपदेशकाकडून खात्री करून घेऊ, मग पाहू’ असे म्हणून वेळ दवडणे कायद्यालाही मान्य नाही आणि माणुसकीलाही नाही. मुलाचे ऐकून घ्यावे, त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगण्यास भाग पाडू नये, पोलिसांना कळवावे आणि मानसशास्त्रज्ञाची मदत त्याबरोबरच मिळवून द्यावी. बालकांसाठी १०९८ ही साहाय्यवाहिनी आहे.

वेळ, पैसा आणि भाषा

या परिसरातील अडचणी व्यवहाराच्या आहेत. पाळीतल्या कामगाराने वेळ ठरवताना आपली पाळी आधी सांगावी. नोकरदाराला रविवारची वेळ किंवा दूरध्वनीवरील बैठक सोयीची पडते. परंतु त्यासाठी घरात एकांत लागतो. एकांत नसेल तर एखाद्या नातेवाइकाचे रिकामे घर किंवा शाळेतील मोकळी खोलीही चालते. भाषेचा संकोच धरू नये. दुःख मातृभाषेतच नीट सांगता येते. मराठी, सिंधी वा हिंदी यांपैकी कोणत्या भाषेत बोलणे सोपे जाईल हे नोंदणीच्या वेळीच विचारावे.

खासगी बैठकांचे शुल्क सर्वांना परवडत नाही. २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी किंवा सरकारी अनुदानावरील संस्थांतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा अधिकार प्रत्येकास दिला आहे. २१ व्या कलमान्वये आरोग्य विम्यात शारीरिक व मानसिक आजारांना समान लेखावयाचे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी चालतो, याची चौकशी करून तो वार शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवणे, हे एका दिवसाचे काम आहे. याशिवाय १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, अनेक भारतीय भाषांतून, प्रशिक्षित व्यक्तीशी बोलता येते. पहिल्यांदाच मन मोकळे करणाऱ्यास हा मार्ग सोपा वाटतो.

पाठवणाऱ्याचे कर्तव्य

ज्याच्या शब्दाला गावात वा शाळेत मान आहे, त्याने ‘तुम्ही मानसशास्त्रज्ञाकडे जा’ एवढेच सांगून थांबणे योग्य नाही. चारचौघांत सांगणे तर सर्वस्वी अयोग्य होय. बाजूला घेऊन, जे दिसले तेवढेच सांगावे: ‘गेल्या महिन्यात तुम्ही चार वेळा गैरहजर होता, पूर्वीसारखे बोलत नाही, काळजी वाटते.’ रोगाचे नाव आपण देऊ नये. तेथे काय विचारतील, किती वेळ लागेल, काय गुप्त राहील, हे सांगावे. पहिल्या भेटीसाठी रजा मिळवून द्यावी; जमल्यास दारापर्यंत सोबत जावे आणि बाहेर थांबावे. कोणी देवऋषाकडे जात असेल तर त्याची टर उडवू नये. श्रद्धा राहू द्यावी, परंतु उपचार थांबू देऊ नये, आणि मारहाण, साखळदंड, उपासमार यांस मात्र कदापि थारा देऊ नये.

कोणी मरणाची भाषा बोलत असेल, निरोपाची आवराआवर करत असेल, तर ठरलेल्या बैठकीची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा दूर ठेवावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम गृहीत धरते आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. म्हणून पोलिसांच्या धाकाने उपचार लांबवण्याचे कारण नाही.

उल्हासनगरच्या बराकींत राहिलेल्या पिढीला आपले दुःख बोलण्यासाठी दार उपलब्ध नव्हते. आजच्या पिढीला दार आहे. अडतो तो उंबरठा. तो ओलांडताना आत काय आहे हे आधी ठाऊक असेल, तर पाऊल अडखळत नाही. ही तीन शहरे आणि त्यांच्या भोवतालची गावे यांतील प्रत्येक शाळेत एक शिक्षक, प्रत्येक कार्यालयात एक अधिकारी आणि प्रत्येक पंचायतीत एक सदस्य जरी हे नीट समजावून सांगू लागला, तरी पहिल्या भेटीनंतर परत न जाणाऱ्यांची संख्या घटेल, आणि जे अजून दाराशीही गेलेले नाहीत त्यांच्यापैकी काही जण तरी वेळेवर आत जातील.